आज काय म्हणाल्या

डमडम, ९ फेब्रुवारी

विहंगदादा,

एवढ्या दिवसांनी तुझी मेल दिसली, तेव्हा उघडण्याआधी मी चहा करून घेतला. आत तीनच वाक्यं. ‘आईच्या पानावर तिच्या नावानं लिहिणं बंद कर. ती बोलू शकत नाही, हे मला माहीत आहे. भांडण जिंकायची ही फार हलकी रीत झाली.’

तू जहाजावर आहेस आणि फोन लागत नाही, म्हणून लिहून उत्तर देते आहे. फोन लागला असता तर काय बोलले असते, ते इथे लिहीत नाही.

मी आईच्या पानावर काहीही लिहिलेलं नाही. आई राहते त्या ‘बिकेलबेला’ वृद्धाश्रमाची वेबसाइट आमच्या ऑफिसनं केली आणि त्यातली नातेवाइकांची पानं मी केली, एवढं खरं. पण रोजची नोंद तिथल्या व्यवस्थापक कादंबरीदी भरतात. ताप नाही, जेवण निम्मं, झोप बरी. इंग्रजीत, कधी बंगालीत. ते मला जसं दिसतं तसंच तुला दिसतं.

‘आज काय म्हणाल्या’ अशा बंगाली शीर्षकाचा एक भाग त्या पानात आहे, हेही खरं. सुरुवातीला कादंबरीदींना हौस होती, की म्हातारी माणसं दिवसभरात जे बोलतात त्यातलं एखादं वाक्य लांबच्या मुलांना वाचायला मिळावं. पण तिथल्या आयांना ते टिपून ठेवायला वेळ कुठला? मग तो रकाना फॉर्ममधून काढून टाकला. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, तो तुकडा तसाच राहिला. साच्यात अटी घातलेल्या असतात. फोटो असेल तर फोटो दाखव. बोलणं नोंदलेलं असेल तर ते दाखव, नसेल तर ती जागा गाळून पुढे जा. काही गाळलंय, हे बघणाऱ्याला कळतही नाही. आणि हे बोलणं कुणी नोंदवतच नाही, तेव्हा तो भाग कुणालाच दिसायचं कारण नाही.

जहाजावरचं इंटरनेट जुनी पानं धरून ठेवतं, असं तूच मागे म्हणाला होतास. तसलं काहीतरी असेल.

आई ठीक आहे.

यामिनी


डमडम, १५ फेब्रुवारी

दादा,

तू पाठवलेला फोटो मिळाला. शुक्रवारची तारीख, कादंबरीदींची इंग्रजी नोंद, तिच्याखाली ते बंगाली शीर्षक आणि त्याखाली मराठीत: ‘यामिनी मोहरीच्या रंगाची ओढणी घेऊन आली. तिला तो रंग खुलत नाही. सांगणार कोण.’

शुक्रवारी मी तीच ओढणी घेतली होती. नवी आहे. गरियाहाटच्या बाजारात घेतली. तू ती पाहिलेली असणं शक्य नाही.

आधीच्या ओळीही तू लिहून पाठवल्यास. ‘मला कोल्हापूरला नको. इथं बरं आहे. लाँचचा भोंगा ऐकू येतो.’ तू माझ्यावर का संशय घेतलास, ते आता कळलं. झटका येऊन आईची वाचा गेली तेव्हा मीही हेच सांगत होते, की तिला हलवू नका, तिला इथेच राहायचंय. तुला ते पटलं नाही. तू म्हणालास, स्नेहावहिनी कोल्हापुरात तिचं सगळं करायला तयार असताना मी आईला परक्यांच्या हाती दिलं. ती गोष्ट मी विसरलेली नाही. पण म्हणून तिच्या तोंडी वाक्यं घालण्याइतकी मी खाली गेलेली नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी अकोल्याचा प्रथमेश बसतो. शनिवारी त्याला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून सगळं तपासलं. डेटाबेसमधला तो रकाना सगळ्यांच्या नावापुढे रिकामा आहे. मग तुझ्या नावानं आणि तुझ्या पासवर्डनं पान उघडलं. नोंद होती. तिच्याखाली काही नव्हतं.

“ताई, रकाना रिकामा तर अट खोटी,” प्रथमेश म्हणाला. “अट खोटी तर तो भाग पानात येतच नाही. यात तिसरं काही होत नाही.”

“मग हा फोटो?”

“कुणीतरी बनवलाय.”

म्हणून विचारते. तू बनवलास का? राग काढायचा असेल तर सरळ काढ. आणि बनवला असशील, तर ओढणीचं तुला कुणी सांगितलं? बिकेलबेलात मराठी येणारं कुणी नाही. आईची आया कुसुममासी तिच्याशी दिवसभर बंगालीत बोलते आणि आई ऐकून घेते.

यामिनी


बागबाजार, २ मार्च

दादा,

हे पत्र मी आईच्या खोलीत बसून लिहिते आहे. ती झोपली आहे. बाहेर चक्ररेल लोकलचं फाटक पडलंय आणि रिक्षावाले एकमेकांवर वैतागलेत.

तू शपथेवर सांगितलंस, की फोटो खरा आहे. तरी मी परीक्षा घेतली. तुला आधी कळवलं नाही, म्हणून रागावू नकोस. परवा दुपारी घरून छोट्या डबीत श्रीखंड आणलं. आईला गिळायला त्रास होतो म्हणून तिला सगळं गाळून, दाट करून देतात. बाहेरचं काही द्यायला परवानगी नाही. कुसुममासी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तेव्हा मी दार लावलं आणि बोटाच्या टोकावर घेऊन आईच्या जिभेला लावलं. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं पुन्हा तोंड उघडलं. मी आणखी एकदा लावलं, डबी पर्समध्ये टाकली आणि दार उघडलं. याबद्दल कुणाजवळ एक अक्षर बोलले नाही. तुला फक्त एवढंच लिहिलं, की आज जे दिसेल ते पाठव.

आणि तू पाठवलंस: ‘श्रीखंडात जायफळ जास्त झालं. आणलंस ते बरं केलंस. कुसुमला कळू देऊ नकोस.’

मी घरी जाऊन उरलेलं चाखलं. जायफळ जास्तच पडलं होतं.

कालच्या मेलमध्ये तू लिहितोस, की तुझा माझ्यावरचा संशय गेला, पण आता पान उघडायची भीती वाटते आणि उघडल्याशिवाय राहवतही नाही. इंजिनरूममधून वर आलास की आधी तेच बघतोस. मला कळतं ते. भीती मलाही वाटते. ऑफिसात तो साचा उघडते तेव्हा मागे कुणी उभं असल्यासारखं वाटतं. पण खरं सांगू का, भीतीपेक्षा मला दुसरंच काहीतरी जास्त वाटतं, आणि ते लिहायला बरं वाटत नाही. मी रोज येते. ऑफिस सुटल्यावर साल्टलेकहून इथे आणि इथून घरी. तिची नखं मी कापते. तिला कूस मी बदलून देते. मी विचारते, आई, दुखतंय का, आई, पंखा कमी करू का. ती माझ्याकडे बघते, डाव्या हातानं माझं बोट दाबते आणि त्यावरून मी अंदाज बांधते. तिची वाक्यं मात्र येतात तुला. पूर्ण, कर्ता-क्रियापदासकट, अगदी तिच्या ठसक्यात.

माझ्या फोनवर आत्ताही पान उघडं आहे. ताप नाही. जेवण निम्मं.

आणखी काय काय दिसलं, ते सगळं पाठव. काही गाळू नकोस. माझ्याबद्दल वाईट असेल तरी.

यामिनी


डमडम, १९ मार्च

दादा,

आज कादंबरीदींनी बोलावून घेतलं होतं. त्यांनी ऑफिसचं दार आतून लावलं आणि मला बसायला सांगितलं. त्या शांत बाई आहेत. दोन मृत्यू एका दिवसात झाले तेव्हाही मी त्यांना स्थिर पाहिलंय. आज मात्र दार नीट लागलंय का, ते त्या दोनदा उठून बघून आल्या.

आईच्या पलीकडच्या खोलीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना कसलंच भान उरलेलं नाही. नळीनं जेवण चालतं. त्यांची मुलगी सिलिगुडीला असते. तिनं काल फोन केला आणि रडत विचारलं, बाबा बोलायला लागले हे मला कुणी कळवलं का नाही. पानावर तिला बाबांचं वाक्य दिसत होतं. बंगालीत. व्हरांड्यातला दिवा कुणी लावत नाही, मला अंधार आवडत नाही, असं काहीतरी.

“आणि खरंच व्हरांड्यातला बल्ब गेलाय,” कादंबरीदी म्हणाल्या. “तीन दिवस झाले. मी आज बदलायला सांगितलाय.”

“त्यांचा मुलगा तर इथेच डमडमला राहतो ना? रविवारी येतो तो?”

“त्याला विचारलं. त्याच्याकडे तेच पान, तोच पासवर्ड. त्याला काही दिसत नाही. तो म्हणतो, बहिणीच्या मनावर परिणाम झालाय.”

मी त्यांना आपलं सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “यामिनी, ते काढून टाक.”

“दीदी, तिथे काही नाहीच आहे. काढू काय?”

“जे नाही, ते काढ. या घरात माणसं शेवटचे दिवस शांतपणे काढायला येतात. त्यांच्या तोंडून कोण बोलतंय, हे मला माहीत नाही, आणि मला ते माहीत करून घ्यायचंही नाही.”

मी आठवडाभराची मुदत मागितली आहे.

जे लांब आहेत त्यांना दिसतं, असा माझा तर्क झाला. म्हणून तोही तपासून पाहिला. सुट्टी टाकली, सियालदहहून अडीच तासांवरच्या कृष्णनगरची गाडी पकडली आणि तिथे फलाटावर बसून पान उघडलं. काही नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, काही वाईट बातमी आहे का. मी नाही म्हटलं आणि पुढच्या गाडीनं परत आले. येताना वाटलं, आईला माझ्याशी बोलायचंच नसेल.

यावर काही सांत्वनाचं लिहू नकोस.

यामिनी


डमडम, २९ मार्च

दादा,

तुझी मेल वाचली. तू लिहिलंस, ‘काढू नकोस. ती गेली दीड वर्षं माझ्याशी बोलली नव्हती आणि मीही तिच्याशी बोललो नव्हतो. आता बोलते आहे.’ मेल मी दोनदा वाचली आणि गुरुवारी दुपारी तो तुकडा साच्यातून काढला. कादंबरीदींना शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं तुला ठाऊक आहे. मी ते पुन्हा लिहीत नाही.

काढायला काहीच लागलं नाही. अट, तिच्या आतली ओळ, अट संपल्याची खूण. प्रथमेश शेजारीच होता. नवा साचा चढवला, पान पुन्हा उघडून पाहिलं. माझ्यासाठी फरक काहीच नव्हता, आधीही तिथे काही नव्हतंच. संध्याकाळी आईजवळ जाऊन बसले, पण तिच्या डोळ्यांत बघवेना.

शुक्रवारी तुझा फोटो आला. मेलमध्ये एक शब्दही नाही, नुसता फोटो. तारीख शुक्रवारची. बंगाली शीर्षक. खाली: ‘यामिनीनं काहीतरी पुसलं. असू दे. तिला बोलू नकोस.’

दादा, ते शीर्षकसुद्धा आता साच्यात नाही. कुठेच नाही. मी सगळ्या फाइलींत शोधलं. अटच उरलेली नाही, मग खरी होतेय कुठली, खोटी होतेय कुठली? प्रथमेशला फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला, माझा फोन माझ्यापुढे ठेवला आणि चहा प्यायला खाली गेला. परत आला तो दुसऱ्या टेबलावर बसला. नंतर म्हणाला, “ताई, या साइटचं काम मला देऊ नका. माझी आई गावाकडे एकटी असते.”

आता एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून लपवत होते. ‘आई ठीक आहे’ असं मी प्रत्येक वेळी लिहिलं. ती ठीक नाही. तिच्या छातीत पाणी भरायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. तुला हे पानावरून कळलंच असेल, असं मनात येतं. कळलं असेल तरी मी माझ्या हातानं लिहिते आहे. ये. तुझं जहाज विशाखापट्टणमला लागणार आहे म्हणालास. तिथे उतर. कंपनीला काय सांगायचं ते सांग, पण ये.

आपल्या भांडणाचं नंतर बघू.

यामिनी


डमडम, १४ एप्रिल

दादा,

कंपनीच्या लोकांनी तुला सांगितलंच. त्यांच्याशी मीच बोलले होते. तू अजून समुद्रात होतास. आता गाडीत असशील. हे तू इथे पोचायच्या आधी वाचावंस असं मला वाटतं, कारण समोरासमोर हे सांगणं मला जमणार नाही.

परवा मी दुपारीच तिथे गेले होते. आई सकाळपासून डोळे उघडत नव्हती, पण श्वास बरा चालला होता. कुसुममासीनं तिचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या, लहान मुलीच्या घालतात तशा. “मासिमा आज खूब शांतो,” ती म्हणाली आणि खाली जेवायला गेली. खोलीत ऊन होतं. मी खुर्ची पलंगाला लावून बसले. आईचा हात माझ्या मांडीवर होता. तो गरम होता, हे मी तुला खात्रीनं सांगते.

बसल्या बसल्या मी पान उघडलं. दुपारची नोंद झाली का, ते बघायला. सवयीनं. नोंद होती: ताप नाही, पाणी दोन चमचे. तिच्याखाली ते बंगाली शीर्षक होतं. मी ते ओलांडून पुढे गेले, कारण माझ्या फोनवर ते कधी नसतंच. मग परत वर आले.

खाली लिहिलं होतं: ‘यामिनी, कुसुमला हाक मार. घाबरू नकोस.’

मी लगेच आईकडे बघितलं नाही, दादा. काही वेळ फोनकडेच बघत राहिले. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते माझ्या हातात होतं, आणि ते का दिसतंय हे मला वाचता वाचताच समजलं होतं. इतके दिवस ती मला बघत होती, माझं बोट दाबत होती, तोंड उघडून आणखी श्रीखंड मागत होती. माझ्यापर्यंत यायला तिला त्या पानाची गरज नव्हती. तुझ्यापर्यंत यायला होती.

मग मी वर बघितलं. छाती हलत नव्हती. चेहरा होता तसाच होता.

मी कुसुममासीला हाक मारली. आवाज फार शांत आला, असं ती नंतर कादंबरीदींना सांगत होती. तिला त्याचंच भय वाटलं.

बाकीचं सगळं रीतसर झालं. निमतल्याच्या स्मशानघाटावर नेलं. प्रथमेश आणि ऑफिसातले चार जण आले होते. तू पोचेपर्यंत थांबता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून अग्नी मी दिला. गुरुजींनी आधी कुरकुर केली, मग माझ्या तोंडाकडे बघून मंत्र सुरू केले. अस्थी तू आल्यावर सोडू.

कादंबरीदींनी काल आईचं पान बंद केलं. मी स्वतः बघितलं. नाव काढलं, फोटो काढला, आपल्या दोघांचे पासवर्ड रद्द केले. आता तो पत्ता टाकला की ‘असं पान नाही’ एवढंच यायला हवं.

आज सकाळी मी तो पत्ता टाकला. का टाकला, विचारू नकोस. तूही टाकला असशील.

कोरं पांढरं पान आलं. ना नाव, ना तारीख, ना नोंद. मधोमध एकच ओळ: ‘विहंग पोचला का?’

मी अजून ते बंद केलेलं नाही. फोन चार्जिंगला लावून ओट्यावर ठेवलाय आणि येता जाता बघते आहे. ओळ तशीच आहे. त्या पानावर उत्तर लिहायला जागा नाही. नातेवाइकांनी फक्त वाचायचं, असंच आम्ही ते केलं होतं. मघाशी मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, निघालाय, आई, गाडीत आहे. ऐकायला कुणी आहे की नाही, मला माहीत नाही. ओळ बदलली नाही.

हावड्याला मी येते आहे. गर्दीत शोधत बसू नकोस, उतरशील तिथेच उभा राहा. आणि घरी आलास की चपला काढायच्या आधी, आत येऊन, तूच तिला सांग.

यामिनी